लाल झेंड्याआधीचे सात सेकंद

बडनेऱ्यात मला दोन नावांनी ओळखतात. रेल्वेतले लोक गार्डसाहेब म्हणतात, बाकीचे झेंडेवाले म्हणतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस दुसऱ्या घासालाच विचारतो, "तुमी तेच ना, मोटारीच्या शर्यतीत झेंडा हालवता ते?" मी हो म्हणतो. "मंग सोता गाडी काहून नाई चालवत?" मी सांगतो की मला स्कूटर येते, चारचाकी येत नाही. त्यावर तो असा बघतो की मी मुकाट्याने कढी वाढून घेतो. पण ते खरं आहे. ज्याला चारचाकी येत नाही अशा माणसाने जवळजवळ वीस वर्षं चारचाकी चालवणाऱ्यांना कधी थांबायचं ते सांगितलं, आणि ते थांबले.

मी या कामात आलो तो झेंड्यांमुळे. मी मालगाडीचा गार्ड. म्हणजे गाडीच्या सगळ्यात शेवटच्या डब्यात एकटा बसणारा, एक हिरवा आणि एक लाल झेंडा बाळगणारा माणूस. अमरावतीच्या काही हौशी मंडळींनी जुन्या गाड्यांची मातीवरची शर्यत ठरवली, तेव्हा त्यांना झेंडे दाखवायला माणूस हवा होता. त्यांच्यातले विजयभाऊ माझ्या क्वार्टरवर आले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्याकडे झेंडे हाय म्हणते." मी म्हटलं, आहेत, पण ते रेल्वेचे आहेत, खाजगी कामाला मिळणार नाहीत. ते म्हणाले, "झेंडे आमी शिवून घेतो. तुमी फक्त हालवा."

पुढे रीतसर शिबिरं झाली, परीक्षा झाली, परवाना मिळाला. दक्षिणेतल्या पक्क्या डांबरी ट्रॅकवर जाऊन शिकलो. हळूहळू कोपऱ्यावरच्या झेंडेवाल्याचा मी शर्यतीचा मुख्य अधिकारी झालो. या पदाला क्लार्क ऑफ द कोर्स म्हणतात. ते ओळखपत्र घरी आलं तेव्हा आमच्या सौ. कुसुमनी ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं गार्ड होते, आता उतरवून क्लार्क केलं का?" मी समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही. शेजारी त्यांनी कळवलं नाही, एवढा मान मात्र ठेवला.

आता काम काय असतं ते सांगतो. सोयाबीन निघालं की अमरावती-अकोल्याकडे एखादं मोठं वावर, म्हणजे शेत, भाड्याने घ्यायचं, त्यावर मुरूम टाकून, रोलर फिरवून दीड किलोमीटरचा वेडावाकडा रस्ता करायचा. त्यावर जुन्या छोट्या गाड्या पळतात. काचा काढलेल्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, ड्रायव्हर पट्ट्यांनी आवळून बसवलेला. वीस फेऱ्या. दर वळणावर एक माणूस, त्याच्या हातात झेंडे आणि वॉकीटॉकी. सुरुवातीची रेघ असते तिथे लोखंडी मचाण. मचाणावर मी. टँकरने कितीही पाणी मारलं तरी तिसऱ्या फेरीनंतर धूळ उठते, आणि मग मला जे दिसतं त्याच्यापेक्षा जे ऐकू येतं त्यावर भरवसा ठेवावा लागतो.

पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका आहे, हळू चला, कोणी कोणाला ओलांडू नका. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळा म्हणजे मागून वेगाची गाडी येते आहे, तिला वाट द्या. हा निळा झेंडा वऱ्हाडात फार अवघड. परतवाड्याकडचे एक संत्रा बागाईतदार होते, अण्णा म्हणायचे त्यांना, पन्नाशी उलटलेली, स्वतःची गाडी स्वतः पळवायचे. त्यांना पहिल्यांदा निळा दाखवला तर त्यांनी गाडी मचाणाखाली आणून उभी केली, डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि वर पाहून विचारलं, "मलेच काहून दाखवता?" मी ओरडून सांगितलं की मागचा मुलगा तुमच्यापेक्षा एक फेरी पुढे आहे. अण्णा म्हणाले, "मांगं हाय ना? मंग मांगंच राहू द्या." हेल्मेट घालून निघून गेले. त्यांना दंड म्हणून अर्धं मिनिट लावलं. ते शेवटून दुसरे आले होते, दंडानंतर शेवटचे आले, आणि बक्षीस समारंभाला तितक्याच थाटात बसले.

सेफ्टी कार हे प्रकरण आमच्याकडे जरा उशिरा आलं. ट्रॅकवर एखादी गाडी बंद पडली, दगड पडले, माणसांना काम करायचं आहे, पण शर्यत थांबवण्याइतकं मोठं काही नाही, अशा वेळी एक गाडी सगळ्यांच्या पुढे घालतात. ती पुढे हळू चालते, बाकीच्या मागे रांगेत. तिला ओलांडायचं नाही. काम झालं की ती बाजूला निघते आणि शर्यत पुन्हा सुरू. विजयभाऊंनी या कामासाठी परतवाडा-अमरावती सवाऱ्या नेणारी काळीपिवळी जीप ठरवली. तिचे मालक आणि ड्रायव्हर सलीमभाई. निवडीचं कारण त्यांनी असं सांगितलं की गाडीचं छत आधीच पिवळं आहे, रंगाचा खर्च नाही.

भातकुली रोडवरच्या शर्यतीत सलीमभाईंना पहिल्यांदा बाहेर काढलं. मागे सोळा गाड्या. पहिली अर्धी फेरी उत्तम झाली. दुसऱ्या वळणाला शेजारच्या वावरातली एक बाई डोक्यावर मेथीचं गाठोडं घेऊन दोरीपलीकडे उभी होती. तिने जीप पाहिली आणि हात केला. सलीमभाई थांबले. त्यांच्यामागे सोळा गाड्या थांबल्या. सेफ्टी कारला ओलांडायचं नाही असा नियम आहे. ती थांबली तर काय करायचं हे नियमात कुठे नाही, कारण नियम लिहिणाऱ्याने काळीपिवळी पाहिलेली नव्हती. बाई दोरीखालून आली, गाठोडं मागे टाकलं, बसली. जीप निघाली, सोळा गाड्या निघाल्या. एक फेरी पूर्ण होऊन पुन्हा तिथेच आल्यावर जीपमधल्या वॉकीटॉकीवरून त्या बाईंचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, "अवो भाऊ, हे तं तेच वावर हाय!"

शर्यतीनंतर मी सलीमभाईंना बोलावलं. ते खाली मान घालून उभे राहिले, पण चूक कबूल करेनात. म्हणाले, "सर, बाई ने हात बताया. हात बताए सवारी को छोड के जाना मेरे से नहीं होता." मी म्हटलं, पण ही शर्यत आहे. ते म्हणाले, "वो मालूम है सर. इसीलिए उससे भाडा नहीं लिया."

दुसऱ्या एका वर्षी शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या असताना मला सेफ्टी कार काढावी लागली आणि शर्यत तिच्याच मागे संपली. अशा वेळी शेवटच्या वळणावर जीपने बाजूला निघायचं असतं, म्हणजे जिंकणारा एकटा रेघ ओलांडतो. सलीमभाई निघायचं विसरले. शर्यत संपल्याचा चौकडीचा झेंडा पडला, पहिली रेघ ओलांडली ती जीपने, आणि प्रमुख पाहुण्यांनी, जे तासभर हार धरून उभे होते, तो सलीमभाईंच्या गळ्यात घातला. फोटोही निघाला. खरा विजेता हेल्मेट हातात घेऊन शेजारी उभा होता, आणि पाहुण्यांनी त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं. लोक हसले, पण त्याहून जास्त लोक चिडले. शर्यत जीपमागे संपली म्हणून मचाणावर पाण्याचे पाउच आले. भरलेले होते.

त्यांचा राग मी समजू शकतो. शर्यतीच्या सुरुवातीला थांबवा, कोणी काही म्हणत नाही, पुन्हा सुरू करता येते. शेवटच्या तीन-चार फेऱ्यांत मात्र अधिकाऱ्याने काहीही केलं तरी कोणाचं तरी नुकसान होतंच. सेफ्टी कार काढली की पहिल्याने दिवसभर कमावलेलं अंतर एका मिनिटात जातं, सगळे त्याच्या पाठीला येऊन चिकटतात. लाल दाखवला तर आणखी कठीण. पाऊण शर्यत झालेली असेल तर ती तिथेच संपते, पुन्हा सुरू होत नाही. आणि ज्या फेरीत लाल दिसला ती फेरी धरत नाहीत. पहिल्या गाडीने रेघ ओलांडून पूर्ण केलेली जी मागची फेरी, तिचा क्रम तोच निकाल. म्हणजे कोणी त्या शेवटच्या, अर्धवट फेरीत जिवाचं रान करून पुढे आलेला असेल, तर ते सगळं वाया.

रेल्वेत हा त्रास नव्हता. शंका आली की लाल. गाडी का थांबवली ते नंतर लिहून द्यायचं, साहेब ओरडले तर ऐकून घ्यायचं, पण लाल दाखवण्याआधी विचार करायचा नाही. मी माझ्या हाताखाली जेवढे झेंडेवाले तयार केले, त्यांना पहिल्या दिवशी हेच सांगितलं. हात आधी, डोकं मागून. मला ओळखणारे सगळे म्हणायचे की वानखडेसाहेबांचा लाल म्हणजे घड्याळ. या बोलण्याचा मला अभिमान होता, आणि तो लपवायचा मी फारसा प्रयत्नही केला नाही.

या तयार केलेल्यांत ऋतुजा होती. अकोल्यातल्या एका गॅरेजवाल्याची मुलगी. आमच्याकडे आली तेव्हा कॉलेजात होती, गाडी चालवायची होती, पण गाडी नव्हती. म्हणाली, तोवर झेंडा धरते. तीन हंगाम तिने वळणावर उभं राहून धूळ खाल्ली. बाकीचे झेंडेवाले शर्यत बघायचे, ही गाड्या सोडून ड्रायव्हरांचे हात बघायची. एकदा मला म्हणाली, "सर, गाडी पलटाच्या आंधी तिचा आवाज बदलते. तुमी ऐकलं काय कधी?" मी ऐकलं नव्हतं. त्यानंतर ऐकायला लागलो. चौथ्या वर्षी तिने वडिलांच्या मदतीने एक भंगारातली गाडी उभी केली आणि झेंडा सोडून ड्रायव्हरांच्या रांगेत गेली. मुलगी म्हणून कोणी काही बोललं तर ती उत्तर देत नसे, पुढच्या वळणावर त्याला ओलांडून जात असे. आम्हाला मूलबाळ नाही. कुसुम तिच्यासाठी दर शर्यतीला डब्यात भाकरी आणि ठेचा द्यायच्या, आणि मी तो डबा शर्यत संपल्यावरच तिच्याकडे पोचवायचो, आधी दिला तर पक्षपात दिसेल म्हणून.

मग ती अकोल्याची शर्यत आली. दक्षिणेत पक्क्या ट्रॅकवर शर्यती करणारा एक संघ येणार होता. त्यांनी जाहीर केलं होतं की इथे जो पहिला येईल त्याला ते पूर्ण हंगामासाठी गाडी देतील. गाडी, टायर, मेकॅनिक, राहणं, सगळं त्यांचं. फक्त पहिल्याला. आणि वय सत्ताविसाच्या आत हवं. ऋतुजाला पुढच्या महिन्यात सत्तावीस पूर्ण होत होती. तिच्या वडिलांनी मला सकाळी नमस्कार केला आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मला रागवायला जागा मिळाली असती.

सतरा फेऱ्यांपर्यंत नागपूरचा एक मुलगा पुढे होता आणि ऋतुजा त्याच्या मागे, हातभर अंतरावर. अठराव्या फेरीत तिसऱ्या वळणावर ती आतून शिरली आणि पुढे आली. स्वच्छ, नियमात, कोणालाही न लागता. मचाणाखाली अकोल्याचे लोक नाचायला लागले. मी नाचलो नाही, पण माझा डावा हात कठड्यावर आपटला हे मला आठवतं.

तेवढ्यात चौथ्या वळणावर, तिच्या जरासं पुढे, धामणगावच्या मंगेशची गाडी उलटली. तो मागे पडलेला, एक फेरी कमी. गाडी छतावर, चाकं वर, ट्रॅकच्या मधोमध. ऋतुजा तिच्या बाजूने निघाली. चौथ्या वळणावर माझा गजानन होता, प्राथमिक शाळेतला मास्तर, कधी घाईत न बोलणारा. त्याने पिवळा काढला आणि वॉकीटॉकीवर बोलला, "सर, गाडी उलटी. ड्रायव्हर आतच हाय. खिडकीतून हात काढून राहिला."

चौथ्या वळणापासून रेघ शंभर मीटर. ऋतुजा पुढे, नागपूरवाला तिच्या मागे. पिवळा असल्याने त्याला तिला ओलांडता येत नव्हतं. ती रेघेपार गेली की अठरावी फेरी पूर्ण. त्यानंतर मी लाल दाखवला तरी निकाल अठराव्या फेरीचा लागला असता, आणि ती पहिली. ती रेघेच्या अलीकडे असताना लाल दाखवला तर निकाल सतराव्या फेरीचा, आणि ती दुसरी. हे सगळं लिहायला मला एवढ्या ओळी लागल्या. मचाणावर ते एका झटक्यात समजलं. लाल झेंडा माझ्या उजव्या हातात होता. मी तो वर केला नाही.

मी स्वतःला काय सांगत होतो तेही लिहितो. मी म्हणत होतो की सेफ्टी कारने भागेल का ते बघू. हा पर्याय नियमात आहे. उलटलेल्या गाडीत माणूस असताना तो पर्याय मी आयुष्यात कधी बघितला नव्हता. मी बघत होतो ऋतुजाची गाडी. ती धुळीतून बाहेर आली, सरळ रस्त्याला लागली, आणि हळू येत होती. फारच हळू. मला वाटलं इंजिनात काहीतरी झालं. मी मनात म्हणालो, चल. चल ना पोरी. एवढ्यात वॉकीटॉकीवर गजानन किंचाळला, "सर, पेट्रोल! पेट्रोल सांडून राहिलं! लाल द्या ना सर, मी अंदर जाऊन राहिलो!"

नियम असा की लाल पडल्याशिवाय झेंडेवाल्याने ट्रॅकवर पाय ठेवायचा नाही. गजानन लालची वाट न बघता ट्रॅकवर उतरला. धुळीत दोन गाड्या त्याच्या अंगाजवळून गेल्या. मग मी लाल वर केला. ऋतुजा तेव्हा रेघेच्या तीस पावलं अलीकडे होती.

मंगेशला काही झालं नाही. गजानन आणि दुसऱ्या एकाने त्याचे पट्टे कापले आणि त्याला बाहेर ओढलं. पेट्रोल भरपूर सांडलं होतं, पेटलं नाही. पट्ट्यांना उलटा लटकल्यामुळे त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, "माहा नंबर कितवा?"

निकाल सतराव्या फेरीचा लागला. नागपूरचा मुलगा पहिला. संघाच्या लोकांनी त्याच्याशी हात मिळवला. ऋतुजाने तक्रार केली नाही. तिने आपली गाडी ट्रॉलीवर चढवली, पट्ट्या आवळल्या, आणि माझ्याकडे न बघता गेली. कुसुमचा डबा मी तसाच घरी आणला. मी अहवाल लिहिला. 'घटनेची माहिती मिळताच सेफ्टी कारचा पर्याय तपासून तत्काळ लाल झेंडा दाखवण्यात आला.' सही केली.

पुढे जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. स्वतःच्या हाताखाली शिकलेली मुलगी, रेघेपासून तीस पावलं, आयुष्याची संधी, आणि तरी माणसाने लाल दाखवला. हे सांगायला इतकं सोपं होतं की अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं. विजयभाऊंनी सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि भाषण करणारे तीन. एकाने माझी तुलना न्यायाधीशाशी केली. कोणीतरी मचाणावरून काढलेली चित्रफीत पडद्यावर दाखवली. तिच्यात गजाननचा पहिला आवाज आणि माझा हात वर जाणं, दोन्ही आहे. मधलं अंतर कोणालाही मोजता आलं असतं. पण ती बनवणाऱ्या पोरांनी वर ढोलताशांचं संगीत टाकलं होतं, त्यामुळे कोणी मोजलं नाही. मी मोजलं. मनगटावर रेल्वेतलं घड्याळ होतं. सात सेकंद.

गजानन सत्काराला आला होता. त्याला टाळ्या मिळाल्या नाहीत. उलट परवानगीशिवाय ट्रॅकवर उतरल्याबद्दल आयोजकांनी त्याला लेखी समज दिली होती, आणि त्या कागदावर मुख्य अधिकारी म्हणून माझी सही लागत होती. मी ती केली. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "बरोबर हाय सर, नियम तं नियम." त्या क्षणी मला स्वतःची शिसारी आली. शाल खांद्यावरच होती.

घरी कुसुमनी शाल कपाटात ठेवली आणि विचारलं, "ऋतुजा आली होती?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुम्ही काही चुकीचं केलं नाही. मग तुमचं जेवण का जात नाही?" मी सांगितलं की पित्त झालंय. त्यांनी सब्जा भिजवून दिला.

चार महिने असे काढले. मग एका सकाळी पॅसेंजर पकडून अकोल्याला गेलो. ऋतुजाचं गॅरेज उघडं होतं. तिचे वडील सुटे भाग आणायला गेले होते. ती एका मोठ्या गाडीच्या खाली पडून काम करत होती, फक्त पाय दिसत होते. मी म्हटलं, मी आलोय. ती खालूनच म्हणाली, "बसा सर. ऑइल काढून राहिली, आत्ता येता नाई येत."

मी टायरांच्या चळतीवर बसलो. ते बरंच झालं, तोंड दिसत नव्हतं. मी म्हणालो, "ऋतुजा, लोक सांगतात ते खोटं आहे. मी लगेच लाल दाखवला नाही. सात सेकंद थांबलो. तू रेघ ओलांडावी म्हणून थांबलो. तिकडे माणूस आत अडकला होता, गजानन ट्रॅकवर उतरला, आणि मी तुझी वाट बघत होतो."

गाडीखालचा आवाज थांबला. मला वाटलं ती रागवेल, किंवा रडेल, किंवा निदान म्हणेल की अजून दोन सेकंद थांबायचं होतं. या तिन्हींची मी आगगाडीत तयारी केली होती. ती बाहेर सरकली. कपाळावर काळं ऑइल. उठून बसली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोणी अनोळखी गिऱ्हाईक आहे.

"तुमी थांबले होते?" ती म्हणाली.

"हो."

"काहून?"

मी टायरावरची माती नखाने काढायला लागलो.

"सर, मी त्या गाडीच्या बाजूनं गेली. त्याचा हात पाह्यला, पेट्रोल पाह्यलं. मले वाटलं, सरांचा लाल आता पडलाच. म्हणून म्या एक्सिलेटरवरचा पाय काढला. रेघ दिसून राहिली होती मले. दाबली असती तं पाच सेकंदात पार." ती हाताचं ऑइल पुसत होती आणि ते काही निघत नव्हतं. "पन मनलं काहून दाबाची? सरांचा लाल कधी उशिरा पडते का?"

ती पुन्हा गाडीखाली गेली, आणि मी बराच वेळ तिथे बसून तिच्या पान्यांचा आवाज ऐकला.

परतल्यावर कुसुमला सगळं सांगितलं. मग गजाननच्या शाळेत जाऊन मधल्या सुटीत त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, त्या समजेच्या कागदाचा विषय काढला नाही, आणि पोरांची रांग लावायला निघून गेला. त्याच आठवड्यात मी परवाना परत करण्याचा अर्ज भरला. त्यात कारणासाठी एक ओळ होती. मी तिथे 'वय' लिहिलं. खरं कारण एका ओळीत बसत नव्हतं, म्हणून ते इथे लिहिलं आहे.